ब्राउझर-खेळ निर्मिती कार्यशाळा

इंटरनेटवरील पाने पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्राउझर ह्या आज्ञावलीतच जे खेळ चालतात आणि ज्यांसाठी संगणकात वेगळे काही बसवावे लागत नाही, त्यांना ब्राउझर-खेळ म्हणतात. असे छोटे खेळ सहभागी व्यक्तींनी गटागटाने, प्रत्यक्ष हाताने तयार करावेत आणि त्या ओघात आज्ञावलीलेखन, चित्रण, ध्वनियोजना व नियमरचना यांची ओळख करून घ्यावी, ह्या हेतूने भरविलेल्या अल्पमुदतीच्या वर्गास ब्राउझर-खेळ निर्मिती कार्यशाळा ही संज्ञा लावता येईल. शाळा, महाविद्यालये, सार्वजनिक ग्रंथालये, संग्रहालये इ. ठिकाणी अशा कार्यशाळा भरतात. त्यांची मुदत दोन-तीन तासांपासून काही दिवसांपर्यंत असते.

व्याख्यानवर्गात विषय आधी समजावून दिला जातो व उपयोग नंतर येतो. कार्यशाळेत हा क्रम उलटा असतो. काही तरी करावयाचे आहे, ते होत नाही, म्हणून ज्ञानाची गरज भासते आणि त्या क्षणी ते दिले जाते. नियत वेळेत खेळ तयार करण्याच्या ‘गेम जॅम’ नामक मेळाव्यांशी कार्यशाळेचे साम्य असले, तरी दोहोंचे प्रयोजन भिन्न आहे. जॅममध्ये तयार झालेला खेळ हे फलित असते; कार्यशाळेत खेळ हे साधन असून, पूर्वी केवळ खेळणारी व्यक्ती खेळ घडवू शकणारी होणे, हे फलित होय. कार्यशाळेची आखणी, गटांची रचना व मार्गदर्शकाचे वर्तन ह्या साऱ्यांची कसोटी ह्या एकाच गोष्टीवर लागते.

ब्राउझर-खेळाचे स्वरूप : असा खेळ सामान्यतः तीन भाषांच्या साहाय्याने उभा राहतो. एचटीएमएल ही भाषा पानाची मांडणी सांगते, सीएसएस त्याचे रूप ठरविते आणि जावास्क्रिप्ट त्यास हालचाल व निर्णयशक्ती देते. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक (१९६१–  ) यांनी १९९५ मध्ये नेटस्केप ह्या कंपनीत तयार केली. चित्रे काढण्यासाठी पानावर ‘कॅन्व्हास’ नावाची चौकट ठेवता येते. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत तिचा अंतर्भाव होता व ती आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाणित झाली.

खेळाच्या मुळाशी एक आवर्तन असते. दर आवर्तनात संगणक तीन कामे करतो : खेळाडूने कोणती कळ दाबली ते पाहणे, त्यानुसार व नियमांनुसार वस्तूंची स्थाने बदलणे आणि पडदा पुसून सर्व चित्र नव्याने रेखाटणे. बहुतेक पडद्यांवर हे आवर्तन सेकंदास सु. ६० वेळा होते आणि डोळ्यास अखंड हालचालीचा भास होतो. कार्यशाळेतील बहुतेक खेळ ह्याच आवर्तनाची रूपे असतात.

कार्यशाळेच्या दृष्टीने ब्राउझरचे तीन गुण महत्त्वाचे ठरतात. एक, तो जवळजवळ प्रत्येक संगणकात आधीच असतो. दुसरा, आज्ञावलीतील एक अंक बदलून पान पुन्हा उघडले की परिणाम लगेच दिसतो. नवशिक्याच्या बाबतीत कृती व परिणाम यांतील हे अल्प अंतर निर्णायक असते. तिसरा, तयार झालेला खेळ एका दुव्याच्या रूपाने कोणासही देता येतो. सायंकाळी घरी गेलेली मुलगी तोच खेळ आईच्या दूरध्वनीसंचावर दाखवू शकते. शिवाय कोणत्याही पानामागील आज्ञावली ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते. त्यामुळे इतरांचे काम वाचून शिकण्याची सोय सदैव उपलब्ध असते.

पूर्वपीठिका : मुलांनी संगणकाकडून शिकण्याऐवजी संगणकासच काही करावयास शिकवावे, ही कल्पना लोगो ह्या भाषेपर्यंत मागे जाते. वॉली फॉरझाइग (१९२७–२०१३), सिंथिया सॉलोमन व सेमूर पॅपर्ट (१९२८–२०१६) आदींनी ही भाषा अमेरिकेत १९६७ मध्ये तयार केली. पुढे तिच्यात ‘कासव’ आले. त्यास पुढे जा, वळ अशा आज्ञा देऊन मूल आकृती काढते आणि आकृती चुकली, तर कासवाच्या जागी स्वतःस कल्पून चूक शोधते. पॅपर्ट यांनी जिनीव्हा येथे मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्यासमवेत काम केले होते. मूल आपले ज्ञान स्वतः रचते, ह्या प्याजे यांच्या विचारास पॅपर्ट यांनी अशी जोड दिली, की इतरांना दाखविता येईल अशी वस्तू घडविताना ही रचना विशेष चांगली होते. माइंडस्टॉर्म्स (१९८०) ह्या ग्रंथात त्यांनी आपली भूमिका मांडली.

पॅपर्ट यांचे सहकारी मिचेल रेझ्निक (१९५६–  ) यांच्या गटाने मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत (एमआयटी) तयार केलेली स्क्रॅच ही ठोकळ्यांची भाषा २००७ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तीत आज्ञा टंकित न करता एकमेकींत बसणाऱ्या ठोकळ्यांच्या रूपाने जुळवितात. २०१३ पासून ती ब्राउझरमध्येच वापरता येऊ लागली.

दुसरा प्रवाह खेळ घडविणाऱ्यांच्या मेळाव्यांचा होय. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ‘इंडी गेम जॅम’ भरला. त्याच वर्षी इंटरनेटवरून चालणारी ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा सुरू झाली, तर २००९ पासून अनेक देशांत एकाच आठवड्याच्या अखेरीस भरणारा ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला. आन्जेय माझुर यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली ‘जेएस१३के’ ही स्पर्धा खास ब्राउझर-खेळांची असून, तीत संकुचित केलेल्या संपूर्ण खेळाचा आकार १३ किलोबाइटांहून अधिक असता कामा नये, असा नियम आहे. मर्यादा घातल्याने काम अडत नाही, उलट ते पुरे होते, हा ह्या मेळाव्यांचा अनुभव कार्यशाळांनी उचलला आहे.

साधने : साधनाची निवड सहभागी व्यक्तींचे वय, हाताशी असलेला वेळ व योजलेल्या खेळाचा प्रकार यांवर अवलंबून असते. लहान मुलांसाठी स्क्रॅच सोयीचे असते. ज्यांना गोष्ट सांगावयाची आहे, त्यांना क्रिस क्लिमस यांचे ट्वाइन (२००९) उपयोगी पडते. त्यात परिच्छेद एकमेकांस जोडून वाचकास वाट निवडावयास लावणारी कथा तयार होते. चौकटीतील वस्तू ढकलण्याच्या कोड्यांसाठी स्टीव्हन लॅव्हेल यांचे पझलस्क्रिप्ट (२०१३), तर छोट्या चित्रमय जगातून फिरण्याच्या खेळांसाठी अ‍ॅडम लेडू यांचे बिट्सी प्रसिद्ध आहे. प्रत्यक्ष आज्ञावली लिहावयाची असल्यास लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेला पी-फाइव्ह हा जावास्क्रिप्टमधील आज्ञासंग्रह सुलभ ठरतो. अधिक अनुभवी गट फेझर (२०१३) ह्या खास खेळांसाठी असलेल्या संग्रहाकडे वळतात. एका कार्यशाळेत एकच साधन वापरणे इष्ट असते, कारण त्यामुळे सहभागी एकमेकांच्या अडचणी सोडवू शकतात.

पूर्वतयारी : दोन व्यक्तींस एक संगणक पुरेसा असतो, किंबहुना प्रत्येकास एक असण्यापेक्षा ही व्यवस्था अधिक उपकारक ठरते. इंटरनेटचा भरवसा नसल्यास लागणारे आज्ञासंग्रह, चित्रे व ध्वनी आधीच उतरवून घेऊन एका संगणकावर स्थानिक सर्व्हर चालवितात व इतर संगणक खोलीतील जाळ्याद्वारे त्यास जोडतात. असा सर्व्हर अन्य कारणानेही लागतो : संगणकातील फाईल थेट उघडली असता ब्राउझर सुरक्षिततेसाठी त्या पानास इतर फाईली वाचण्याची पूर्ण मोकळीक देत नाही आणि निर्दोष आज्ञावलीही चालेनाशी होते. खेळाडूने एकदा कळ दाबेपर्यंत किंवा पडद्यास स्पर्श करेपर्यंत बहुतेक ब्राउझर ध्वनी सुरू होऊ देत नाहीत, हेही मार्गदर्शकास ठाऊक असावे लागते. पहिल्या तासातील उत्साह बहुधा अशाच किरकोळ अडथळ्यांत खर्ची पडतो. म्हणून सर्व तयारी त्याच खोलीत, त्याच संगणकांवर आदल्या दिवशी करून पाहतात.

सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे चालता, पण अपुरा खेळ. कोऱ्या पानापासून आरंभ केल्यास पहिली हालचाल दिसेपर्यंतच नवशिक्याचा धीर सुटतो. उलट पूर्ण खेळ दिल्यास करावयास काही उरत नाही. म्हणून पडद्यावर काही तरी हलते आहे, परंतु जिंकणे-हरणे नाही, अशा अवस्थेतील सांगाडा प्रत्येक गटास देण्याची पद्धत आहे.

कार्यपद्धती : एका दिवसाच्या कार्यशाळेचे साधारणपणे पाच टप्पे पडतात. प्रथम दिलेला सांगाडा खेळून त्यातील अंक बदलून पाहतात. दुसऱ्या टप्प्यात संगणक बाजूस ठेवून कागद, बिया व सोंगट्या यांच्या साहाय्याने आपल्या खेळाचे नियम ठरवितात. तिसऱ्यात त्या नियमांचे लहानात लहान चालते रूप तयार होते. चौथ्यात तो खेळ दुसऱ्या गटास खेळावयास देऊन सुधारतात आणि शेवटी सर्व खेळ सर्वांसमोर मांडले जातात. लहानात लहान रूप दिवसाच्या मध्यापूर्वी चालू झालेच पाहिजे, असा दंडक घालतात. त्यानंतर जे जमेल ती भर असते. पण अपुऱ्या राहिलेल्या भव्य योजनेपेक्षा पुरा झालेला साधा खेळ शिकणाऱ्यास अधिक देऊन जातो.

टोपलीत फळे झेलण्याचा खेळ हे ह्याचे चांगले उदाहरण होय. त्यात टोपलीचे आडवे स्थान, फळाचे आडवे स्थान, फळाची उंची व गुणसंख्या ह्या केवळ चार राशी लागतात. दर आवर्तनात कळेनुसार टोपली सरकते, फळ ३ चित्रबिंदू खाली येते व ते टोपलीच्या पातळीस आले की दोहोंतील आडवे अंतर पाहून गुण द्यावा की नाही हे ठरते. पडदा पुसण्याची आज्ञा राहून गेल्यास फळामागे रंगाचा पट्टा उमटत जातो. हा दोष हसत पाहिला जातो आणि दर वेळी संपूर्ण चित्र नव्याने काढावे लागते, ही गोष्ट न सांगता कळते.

ह्याच खेळातून एक सखोल प्रश्नही उद्‌भवतो. सेकंदास ६० आवर्तने असलेल्या पडद्यावर हे फळ सेकंदास १८० चित्रबिंदू पडते व ३६० चित्रबिंदूंची उंची दोन सेकंदांत संपते. परंतु शेजारच्या गटाचा पडदा सेकंदास १४४ आवर्तनांचा असल्यास तेथे वेग ४३२ चित्रबिंदू होऊन तेच फळ सु. ०·८ सेकंदातच खाली येते. एकच आज्ञावली एका संगणकावर सोपी व दुसऱ्यावर अशक्यप्राय का ठरते, ह्याचा उलगडा करताना सहभागी व्यक्तींना मागील आवर्तनापासून गेलेला काळ मोजून त्याने वेगास गुणावे लागते. वेग, काल व अंतर यांचे शालेय गणित येथे गरजेचे होऊन पुढे येते.

सहकार्याची व्यवस्था : गटात बसविल्याने सहकार्य आपोआप घडत नाही. आज्ञावली आधीपासून जाणणारी किंवा अधिक धीट असलेली व्यक्ती कळफलक आपल्याकडे ओढते, इतर दोघे चित्रे सुचवितात व पाहत बसतात. खेळ वेळेत तयार होतो, किंबहुना इतरांपेक्षा चांगला होतो. पण त्या दोघांपुरती कार्यशाळा वाया गेलेली असते आणि ‘हे आपले काम नव्हे’ अशी त्यांची समजूत पक्की होते. हा दोष तयार खेळाकडे पाहून दिसत नाही, म्हणूनच तो अधिक घातक होय.

त्यावरील प्रचलित उपाय व्यावसायिक आज्ञावलीकारांच्या जोडीने काम करण्याच्या पद्धतीवरून घेतलेला आहे. जोडीतील एक जण टंकन करतो व दुसरा काय टंकावयाचे ते सांगतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी घंटा वाजवून भूमिका बदलतात. जाणत्या व्यक्तीने प्रथम सांगणाऱ्याची भूमिका घ्यावी, म्हणजे तिला आपले विचार शब्दांत मांडावे लागतात आणि नवशिक्याचे हात कळफलकावर राहतात.

मोठ्या समूहात एकच सामायिक खेळ करावयाचा असल्यास त्याचे स्वतंत्र तुकडे पाडतात. उदा., अनेक दालनांच्या वाड्याचा खेळ घेऊन प्रत्येक जोडीकडे एकेक दालन सोपविता येते. दालनाचा आकार, दाराची जागा व राशींची नावे सर्वांनी आधी ठरवून भिंतीवर लावली, तर तुकडे जोडणे सुकर होते. हा करार न करता आरंभ केल्यास एका जोडीने ‘गुण’ व दुसरीने ‘स्कोर’ असे नाव दिलेली राशी शेवटच्या तासात सर्वांस अडविते. एकच फाईल दोघांनी एकाच वेळी बदलली, तर नंतर साठविलेली प्रत आधीचीवर लिहिली जाऊन पहिल्याचे काम पुसले जाते. मोठ्या मंडळींच्या कार्यशाळेत ह्यासाठी गिट ही आवृत्ती-नोंदीची पद्धती वापरतात. मुलांच्या कार्यशाळेत वेळेचे नाव दिलेल्या वेगळ्या प्रती ठेवणे पुरते. गटांनी मध्यावर खेळांची अदलाबदल करून दुसऱ्याचा खेळ पुढे नेण्याचीही एक पद्धत आहे. आपण लिहिलेले दुसऱ्यास वाचता आले पाहिजे, हा धडा त्यातून सहज मिळतो.

मार्गदर्शकाची भूमिका : मार्गदर्शकाने सहभागी व्यक्तीच्या कळफलकास हात लावू नये, हा ह्या क्षेत्रातील पहिला संकेत मानला जातो. दोष स्वतः दुरुस्त करण्यास त्यास अर्धे मिनिट लागेल व समजावून दुरुस्त करविण्यास दहा मिनिटे. पण त्या दहा मिनिटांसाठीच कार्यशाळा असते. ‘काय व्हावे असे वाटत होते?’ आणि ‘प्रत्यक्षात काय झाले?’ हे दोन प्रश्न बहुतेक दोषांचा माग काढण्यास पुरतात. आयर्लंडमधील कॉर्क येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘कोडरडोजो’ ह्या मुलांच्या संगणक-मंडळांच्या चळवळीत आधी तिघांना विचारावे व मगच मार्गदर्शकाकडे यावे, असा संकेत आहे. त्यामुळे मदत करणे हेही शिकण्याचे अंग होते.

खेळाची चाचणी घेताना खेळ करणाऱ्या गटाने मौन पाळावे, अशी पद्धत आहे. खेळाडू चुकीची कळ दाबतो, नियम समजत नाही, चित्रास भलतेच समजतो. त्या वेळी स्पष्टीकरण देण्याचा मोह अनावर होतो. पण दूरच्या खेळाडूजवळ कर्ता बसलेला नसतो. जे सांगावेसे वाटले, ते लिहून ठेवून खेळातच आणणे, हे चाचणीचे सार होय.

भाषा व स्थानिक आशय : यूनिकोड ह्या अक्षरसंकेतात देवनागरीचा समावेश १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि ब्राउझर मराठी मजकूर, जोडाक्षरांसह, यथायोग्य दाखवितात. कॅन्व्हासवर लिहिलेला मजकूरही बिनचूक उमटतो. मात्र ज्या साधनांत प्रत्येक अक्षर स्वतंत्र चित्र म्हणून ठेवलेले असते, तेथे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन पडते व जोडाक्षरे फुटतात. म्हणून मराठीत खेळ करावयाचा असल्यास साधन निवडण्यापूर्वी ‘क्षितिज’ किंवा ‘विद्यार्थिनी’ यांसारखा शब्द लिहून पाहणे हितावह असते.

परिचित खेळ नियमरचनेच्या अभ्यासासाठी उत्तम ठरतात. सापशिडीस १ ते १०० घरे व साप-शिड्यांच्या दोन टोकांच्या घरांची यादी एवढेच लागते. वेगाचा प्रश्नच येत नाही. वाघबकरीत दोन पक्षांची बळे विषम असतात, त्यामुळे खेळ समतोल कसा राखावा ह्याची चर्चा आपोआप निघते. लगोरीसारखा मैदानी खेळ पडद्यावर आणताना त्यातील गंमत नेमकी कशात होती, हे शोधावे लागते. नेम, धाव की गोंधळ, ह्याचे उत्तर प्रत्येक गट वेगळे देतो व त्यानुसार खेळही वेगळे होतात.

हक्क, सुरक्षितता व जतन : इंटरनेटवर सापडलेले चित्र वा संगीत उचलून वापरण्यापेक्षा स्वतः काढलेली चित्रे व तोंडाने काढलेले आवाज वापरणे श्रेयस्कर होय, त्यांत हक्कभंगाचा प्रश्न नसतो आणि खेळावर कर्त्यांची छाप उमटते. मुलांचे खेळ प्रसिद्ध करताना त्यांची पूर्ण नावे, छायाचित्रे वा पत्ते देत नाहीत.

जतनाचा प्रश्न अनेकदा दुर्लक्षित राहतो. ब्राउझर-खेळांच्या पहिल्या बहरात फ्लॅश हे तंत्र सर्वत्र वापरले जाई. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला व असंख्य खेळ उघडेनासे झाले. इंटरनेट आर्काइव्ह ह्या संस्थेने रफल ह्या अनुकरण-आज्ञावलीच्या साहाय्याने त्यांपैकी काही पुन्हा चालते केले. स्क्रॅचची दुसरी आवृत्तीही फ्लॅशवर आधारलेली होती; २०१९ च्या आरंभी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीसाठी ती जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावी लागली. शिकणाऱ्यांची पाने ठेवणारे मोझिलाचे थिंबल हे केंद्र २०१९ च्या अखेरीस बंद झाले व त्याच्या वापरकर्त्यांस ग्लिच ह्या केंद्राकडे पाठविण्यात आले. ग्लिचनेही २०२५ मध्ये प्रकल्प ठेवण्याची सोय थांबविली. दुसऱ्याच्या जागेवर ठेवलेले काम त्या जागेच्या आयुष्याएवढेच टिकते. म्हणून कार्यशाळेच्या अखेरीस प्रत्येक सहभागी व्यक्तीस आपला खेळ साध्या फाईलींच्या रूपात बरोबर नेता आला पाहिजे. खुल्या प्रमाणांवर आधारलेला व बाहेरच्या कोणत्याही केंद्रावर न विसंबणारा खेळ दीर्घकाळ उघडत राहण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादा व मूल्यमापन : एका दिवसात कोणी आज्ञावलीकार होत नाही. पाठपुरावा नसल्यास शिकलेले लवकर विस्मरणात जाते. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्या बाबतीत हे विशेषच घडते. म्हणून ग्रंथालयात वा शाळेत ठराविक दिवशी संगणक खुला ठेवणे हा कार्यशाळेचाच भाग मानावा लागतो. पारितोषिके ठेवल्यास गट पुन्हा जाणत्या व्यक्तीच्या हाती कळफलक सोपवितात; ह्यामुळे अनेक आयोजक ती टाळतात.

कार्यशाळेचे यश खेळांच्या देखणेपणावरून ठरविता येत नाही. अखेरच्या अर्ध्या तासात प्रत्येकास आपल्या गटाच्या खेळात एखादा लहानसा बदल, उदा., फळाचा वेग दुप्पट करणे किंवा दुसरे फळ आणणे, एकट्याने करावयास सांगणे ही त्याची साधी चाचणी आहे. जो तो बदल करू शकतो, त्याने खेळ घडविला आहे. जो करू शकत नाही, त्याने तो केवळ घडताना पाहिला आहे. दुसऱ्या वर्गातील व्यक्ती किती, ह्यावरून पुढील कार्यशाळेची आखणी बदलावी लागते.